घोडबंदरचा बुरुज मागे, डोंगर पुढे: एचिंगमध्ये दर उन्हाळ्यात येणारी एक अडचण

प्लेटवरून कागद उचलला आणि शेजारी उभ्या असलेल्या लेकीने विचारलं, "आई, हा डोंगर बुरुजावर पडतोय का गं?"

तिला खोचक बोलायचं नव्हतं, खरंच तसं दिसत होतं. घोडबंदरच्या किल्ल्याची ही माझी चौथी प्लेट. एचिंगची प्लेट म्हणजे धातूचा पत्रा: त्यावर ॲसिड न लागणारा लेप (ग्राउंड) चढवायचा, सुईने त्यात चित्र काढायचं, उघड्या पडलेल्या रेघा ॲसिडला खाऊ द्यायच्या, मग त्यांत शाई भरून, वरची पुसून, कागदावर छापायचं. समोर बुरुज, खाली तिवरं, मग वसईची खाडी, पलीकडचा काठ आणि सगळ्यात मागे तुंगारेश्वरच्या डोंगरांची रांग. प्रत्यक्षात सकाळी सातला ती रांग इतकी फिकी असते की डोळे बारीक करून शोधावी लागते. माझ्या प्रिंटमध्ये ती काजळाच्या बोटासारखी उमटली होती, आणि १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतलेला तो किल्ला तिच्यापुढे बिचारा पुठ्ठ्याचा वाटत होता.

हे एकदा झालं असतं तर मी लिहायला बसले नसते. मागच्या मे महिन्यात असंच झालं होतं, त्याच्या आधीच्या एप्रिलमध्येही. जानेवारीत केलेली प्लेट मात्र झकास आली होती, आणि मी मूर्खासारखी त्याचं श्रेय स्वतःच्या हाताला देत होते. ओळखीतल्या दोघांची तक्रार हीच आहे. एकजण जंजिरा करतो, दुसरी बेलापूरचा बुरुज. म्हणून काय सापडलं ते सविस्तर सांगते. मी जस्ताच्या पत्र्यावर नायट्रिक ॲसिडने काम करते. तांबं आणि फेरिक क्लोराइडवाल्यांना मिनिटांचे आकडे लागू पडणार नाहीत, बाकीचं पडेल.

आधी प्रिंट तपासा, ॲसिडला शिव्या नंतर

डोंगर काळा आला की पहिला संशय ॲसिडवर जातो. पण निम्म्या वेळा चूक शाई पुसण्यात असते. मे महिन्यात वागळे इस्टेटमधल्या पत्र्याच्या गाळ्यात शाई इतकी सैल होते की ती रेघांतून बाहेर ओघळते आणि पृष्ठभागावर पातळ थर धरून बसते. खळीची जाळीदार मलमल तिला नुसती इकडून तिकडे फिरवते. हा थर आकाशात थोडा असला तर छान दिसतो, पण डोंगराच्या बारीक रेघांमध्ये अडकला की सगळी रांग एकजीव करड्या पट्ट्यासारखी दिसते.

म्हणून दोन प्रिंट काढा. पहिला नेहमीसारखा. दुसऱ्याच्या वेळी डोंगराचा भाग मलमलीनंतर तळहाताने पुसा, हाताला किंचित खडूची पूड लावून, अगदी कोरडा होईपर्यंत. दुसऱ्या प्रिंटमध्ये डोंगर मागे गेला तर तुमची प्लेट ठणठणीत आहे. शाईत थोडी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड घालून ती घट्ट करा आणि पुढचं वाचू नका.

माझा डोंगर हलला नाही.

पत्र्यावर भिंग

ज्यांच्या गाळ्यात मी प्रेस वापरते ते काका पूर्वी छापखान्यांसाठी जस्ताचे ब्लॉक बनवायचे. ऑफसेट आलं आणि तो धंदा बसला, पण पत्रा वाचायची त्यांची नजर अजून तशीच आहे. त्यांनी प्रिंटकडे पाहिलंच नाही. पत्रा रॉकेलने धुतला, खिडकीशी तिरका धरला आणि भिंग लावलं.

"रेघा कुठायत यात?" ते म्हणाले.

मी पाहिलं. डोंगराच्या जागी मी सुईने साठ-सत्तर बारीक तिरप्या रेघा मारल्या होत्या, एकमेकींना अगदी चिकटून. लांबचा डोंगर म्हणजे नाजूक काम, असा माझा हिशेब. भिंगाखाली त्यातल्या बऱ्याच रेघांमधली भिंतच गायब होती. दोन-तीन रेघा मिळून एक उथळ चर झाला होता, कडा कुरतडल्यासारख्या. उलट बुरुजाच्या दगडांमधल्या रेघा सुट्या, खोल आणि स्वच्छ होत्या.

"ॲसिड खाली खातं तसं बाजूलाही खातं," काका म्हणाले. "आम्ही ब्लॉक करायचो तेव्हा प्रत्येक वेळी बाहेर काढून चारी बाजूंनी लाल पावडर ब्रशने लावायचो, पत्रा तापवायचो, की ती वितळून अक्षराच्या भिंतीला चिकटते. नाहीतर अक्षर बुडातून पोखरून निघायचं. तुझ्या डोंगराला कोण पावडर लावणार?"

इथे दोन गोष्टी एकत्र झाल्या होत्या. नायट्रिक जस्त खातं तेव्हा उष्णता बाहेर पडते. रेघा दाट असतील तिथे उघडा धातू जास्त, म्हणून तिथलं ॲसिड आजूबाजूपेक्षा गरम होतं आणि आणखी जोरात खातं. म्हणजे ज्या डोंगराला मी सगळ्यात कमी खाऊ द्यायला हवं होतं, त्याच डोंगराला माझ्या नाजूक कामाने जास्त भूक लावली होती. त्यात बुडबुडे. रेघेवर बसलेला बुडबुडा ॲसिडला आत जाऊ देत नाही आणि रेघ वेडीवाकडी होते. पिसाने ते सतत झटकायचे असतात आणि घड्याळ बघण्याच्या नादात मी ते विसरते.

तुमच्या पत्र्यावर रेघा सुट्या दिसत असतील पण रुंद झाल्या असतील, तर वेळ जास्त झाला. रेघा एकमेकींत मिसळल्या असतील तर रेघा दाट झाल्या आणि वेळही. रेघांच्या मधल्या मोकळ्या जागेत सुटे खड्डे दिसले तर तो वेगळाच रोग, ग्राउंड पत्र्याला नीट न चिकटल्याचा. खडूची पूड आणि अमोनियाने पत्रा घासून पाणी ओता. पाणी अखंड चादरीसारखं पसरलं पाहिजे. थेंब-थेंब होऊन मागे सरत असेल तर बोटांचं तेल अजून तिथेच आहे, पुन्हा घासा.

थर्मामीटर दोनशे रुपयांचा, अक्कल दोन वर्षांची

रेघा दाट होत्या हे खरं, पण जानेवारीतल्या प्लेटवरही त्या तितक्याच दाट होत्या. मग ती का वाचली?

माझ्या वहीत सगळं लिहिलेलं असतं: पाण्याच्या नऊ भागांत नायट्रिकचा एक (आधी पाणी, मग त्यात ॲसिड, उलट कधीच नाही), डोंगर दीड मिनिट, पलीकडचा काठ चार, तिवरं बारा, तट पंचवीस, बुरुजाच्या सावल्या चाळीस. ही वेळापत्रकं मी जानेवारीत बसवली आणि वर्षभर श्रद्धेने पाळली. फक्त एक गोष्ट वहीत नव्हती. ट्रेमधल्या ॲसिडचं तापमान.

काचेचा थर्मामीटर आणला. मे महिन्यातल्या दुपारी ट्रे चौतीस अंशांवर होता. जानेवारीत सकाळी गाळ्यातलं पाणी साधारण बावीस असतं. दहा अंश वाढले की रासायनिक क्रियेचा वेग जवळपास दुप्पट होतो, हा शाळेतला ठोकताळा. त्या हिशेबाने माझं दीड मिनिट उन्हाळ्यात साडेतीन मिनिटांच्या घरात गेलं होतं, म्हणजे मी डोंगराला पलीकडच्या काठाचं जेवण वाढत होते. तटाचंही तसंच झालं होतं, पण पंचवीस मिनिटांनी गडद झालेली रेघ आणखी किती काळी दिसणार? गडद भागाला जास्तीची वेळ पचते, फिक्या भागाला नाही.

म्हणून आता हंगाम बदलला की चाचणीची पट्टी करते. त्याच पत्र्याचा इंचभर रुंद तुकडा, त्यावर सगळीकडे सारख्या रेघा, आणि अर्धं मिनिट, एक, दोन, चार, आठ, सोळा अशा टप्प्यांनी एकेक भाग लाखेने झाकत जायचा. पट्टी छापून वहीत चिकटवायची, शेजारी तारीख आणि तापमान. माझ्या मे महिन्याच्या पट्टीत जानेवारीच्या दीड मिनिटाशी जुळणारी छटा अर्ध्या आणि एका मिनिटाच्या मधे पडत होती, अंदाजे चाळीस सेकंदांवर. चाळीस सेकंद! पिसाने दोनदा झटकेपर्यंत संपतात.

सोपा उपाय असाही आहे की काम सकाळी सहाला करा, किंवा ॲसिडचा ट्रे मोठ्या परातीतल्या गार पाण्यात ठेवा. बर्फ परातीत घाला, ॲसिडमध्ये नको, नाहीतर प्रमाण बिघडतं.

क्रम: झाकत जाणं की काढत जाणं

लांबचं फिकं, जवळचं गडद हे एचिंगमध्ये सुईच्या दाबाने होत नाही, ॲसिडमधल्या वेळेने होतं. ही युक्ती फार जुनी. फ्रान्सच्या लॉरेन भागातला झाक कालो (१५९२ ते १६३५) तंतुवाद्यं बनवणाऱ्यांचं कडक वॉर्निश ग्राउंड म्हणून वापरायचा. ते लवकर निघत नसल्यामुळे त्याला एकच प्लेट पुन्हापुन्हा ॲसिडमध्ये घालता यायची, मधेमधे लांबचे भाग झाकत. ब्रेडाच्या वेढ्याचं सहा प्लेटांचं त्याचं काम बघा, पुढचे सैनिक ठसठशीत आणि मागची तटबंदी, छावण्या, पाणी विरत गेलेलं. अब्राहम बॉस याने १६४५ साली ही सगळी रीत पुस्तकात लिहून ठेवली, म्हणून आपल्यापर्यंत पोचली.

या झाकण्याच्या पद्धतीत अख्खं चित्र आधी काढायचं. प्लेट थोडा वेळ ॲसिडमध्ये, मग बाहेर, धुऊन, वाळवून डोंगरावर लाख (सुतार कपाटाला मारतो तेच स्पिरिटमधलं पॉलिश), पुन्हा ॲसिड, मग काठ झाकायचा, मग तिवरं. माझं याच्याशी भांडण एकाच जागी आहे: बुरुजाची कड. डोंगर आणि बुरुज जिथे भेटतात तिथे ब्रश केसभरही आत गेला की बुरुजाच्या रेघा झाकल्या जातात आणि छापल्यावर बुरुजाभोवती पांढरी कड उमटते, जणू कात्रीने कापून चिकटवलाय. ब्रश बाहेर राहिला तर डोंगराच्या टोकाच्या रेघा बुरुजाबरोबर चाळीस मिनिटं खात बसतात.

म्हणून मागच्या वर्षापासून मी उलट करते. आधी फक्त बुरुजाच्या सावल्या काढायच्या, प्लेट ॲसिडमध्ये. बाहेर काढून धुवायची, मग तट काढायचा, पुन्हा ॲसिडमध्ये. मग तिवरं, मग काठ, शेवटी डोंगर. जे आधी काढलं ते आपोआप सगळ्यात जास्त वेळ खातं, लाखेचं काम जवळपास उरत नाही आणि कडा स्वच्छ राहतात. किल्ल्यासाठी मला हीच पद्धत योग्य वाटते. तटाची रेघ धारदार असेल तरच तो तट.

पण इथेच मी खड्ड्यात पडले. या पद्धतीत डोंगराची पाळी शेवटी येते, आणि तोवर ट्रे अर्धा तास जस्त खाऊन तापलेला असतो. चौतीसवर सुरू केलेला ट्रे डोंगराच्या वेळी एकोणचाळीसवर होता. दाट रेघा, उन्हाळा आणि तापलेला ट्रे, तिन्ही माझ्या डोंगरावर एकदम कोसळले. झाकण्याच्या पद्धतीत डोंगर पहिल्याच बुडीत उरकतो, ट्रे गार असताना, म्हणून तिथे हे इतकं जाणवत नाही.

आता डोंगर काढायच्या आधी मी चहाला जाते. खरंच. प्लेट धुऊन उभी ठेवायची, ट्रे परातीतल्या गार पाण्यात, वर झाकण, आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर अर्धा तास. परत येऊन थर्मामीटर पट्टीच्या आकड्याशी जुळला तरच सुई हातात घ्यायची.

डोंगराच्या रेघांबद्दलही धडा घेतला. लांबचं म्हणजे दाट आणि बारीक नाही, लांबचं म्हणजे कमी. किल्ल्यावर जाऊन मी पुन्हा बसले तेव्हा हे नीट पाहिलं. बुरुजाच्या दगडांत शंभर गोष्टी दिसतात: चुन्याचे सांधे, त्यातून फुटलेलं पिंपळाचं रोप, शेवाळाचा ओघळ. तिवरांत पानांचे पुंजके दिसतात. पलीकडच्या काठावर नुसती एक गडद पट्टी. आणि डोंगरांत काहीच दिसत नाही, फक्त वरची कड. खालचा भाग धुक्यात आणि वर्सोवा पुलावरच्या ट्रकांच्या धुरात विरलेला. मग मी जे दिसतच नव्हतं तिथे सत्तर रेघा का मारत होते? आता वरची कड तुटक, आणि खाली बारा-पंधरा आडव्या रेघा, एकमेकींपासून लांब.

रेघा नकोच असतील तर राळेचा ॲक्वाटिंट करून (पत्र्यावर राळेची बारीक पूड तापवून चिकटवायची आणि कणांच्या मधून ॲसिडला खाऊ द्यायचं) डोंगर नुसत्या करड्या छटेत करता येतो. पॉल सँडबीने १७७५ साली वेल्समधल्या किल्ल्यांची आणि निसर्गाची चित्रं तशीच केली होती, आणि ते धुकट आकाश रेघांनी साधणारं नाही हे मान्य. पण राळेची पूड बसेपर्यंत पंखा बंद ठेवावा लागतो. मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखाली. मी जानेवारीची वाट बघते.

बिघडलेली प्लेट वाचवायची असेल तर

लेकीने नावं ठेवलेली ती प्लेट मी फेकली नाही. मिसळलेले चर आधी स्क्रेपरने हलके खरवडले आणि मग तेलाचा थेंब टाकून बर्निशर (धातू घोटून दाबायचं गुळगुळीत हत्यार) फिरवला. जस्त मऊ असतं, चटकन दबतं, पण जोर दिला तर खळगा पडतो आणि त्या खळग्यात शाई साचून नवीन डाग तयार होतो. तासाभराने डोंगर अर्धा फिका झाला. त्यापुढे हात थरथरायला लागला.

तेव्हा काकांनी सुचवलेली गोष्ट कामाला आली. "डोंगर मागे जात नसेल तर बुरुज पुढे आण." फिकं आणि गडद हे एकमेकांच्या तुलनेत असतं, हे मला चित्रकलेच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं, पण पत्रा हातात आला की विसरायला होतं. बुरुजाच्या सावलीच्या बाजूला ड्रायपॉइंटच्या सुईने थेट धातूत आडव्या-उभ्या रेघा ओढल्या. त्यांच्या कडेला उठलेली धातूची खरखर शाई धरते आणि मखमली काळं देते. ती खरखर प्रेसखाली चेपत जाते, म्हणून दहा-बारा प्रिंटच मिळतील. मला आठ हवे होते.

चित्र उलटं येतं हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे विसरतात. माझ्या पहिल्या प्लेटमध्ये खाडी डावीकडून उजवीकडे गेली होती आणि घोडबंदर गावात राहणाऱ्या एका बाईंनी पाच सेकंदांत ते पकडलं. स्केच ट्रेसिंग पेपरवर उतरवून, पालथा घालून मगच पत्र्यावर घ्या.

नायट्रिक नको असेल तर

ॲसिड विकत घेताना ओळखपत्र द्यावं लागतं, दुकानदार नोंद ठेवतो, आणि बंद फ्लॅटमध्ये त्याची वाफ घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे. घरी काम करणाऱ्यांनी जस्तासाठी मोरचूद आणि मीठ वापरून बघावं. तेच मोरचूद जे द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणात जातं. लिटरभर पाण्यात दोन्ही पन्नास-पन्नास ग्रॅम घालून सुरुवात करा. रेघांवर तांब्याचा तांबूस-तपकिरी गाळ साचतो, तो मऊ ब्रशने काढत राहायचा. रेघा नायट्रिकपेक्षा स्वच्छ येतात आणि निळा रंग उडाला की द्रावण संपलं हे डोळ्यांनाच कळतं. तापमानाची कटकट तिथेही आहे, पट्टी तिथेही लागते. हातमोजे आणि चष्मा दोन्हीकडे.

वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका. तांबं माशांना विष आहे, आणि आपल्या मोऱ्या शेवटी कुठल्या खाडीला मिळतात ते ठाणेकरांना सांगायला नको. धुण्याचा सोडा घालत गेलं की फेस येतो आणि निळसर-हिरवा साका खाली बसतो. तो गाळून, वाळवून वेगळा ठेवायचा. गाळ्यात त्यासाठी एक झाकणाची बादली आहे, तिच्यावर काकांनी रंगाने "हात लावू नये" लिहिलंय.

जाता जाता एक ठाण्याची गोष्ट. सवाई माधवरावांचं चित्र काढणारा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९५ साली ठाण्यातच वारला. मुंबई आणि आसपासच्या दृश्यांची त्याची एचिंग १८०० साली छापून आली. त्याच्याकडे थर्मामीटर होता की नाही कोण जाणे, पण त्याच्या हाताखाली पुण्याच्या गंगाराम तांबटाने काम केलं होतं. आडनावावरून तरी त्या घराला धातूची जाण असावी.

पाचव्या प्लेटचा पहिला प्रिंट परवा काढला. ट्रे तेहतीस अंश, डोंगर पंचेचाळीस सेकंद. लेकीने बराच वेळ बघून विचारलं, "डोंगर कुठे गेला?" म्हणजे पाच-दहा सेकंद अजून वाढवायला हवेत. पाऊस सुरू झाला की ट्रे सत्तावीस-अठ्ठावीसवर येईल, तेव्हा पट्टी पुन्हा करायचीच आहे.